गिलाव्याखालचं घर

माझ्या लग्नाची पहिली पत्रिका आईनं देवापुढे ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही प्रमिलाची. पोस्टानं नको, फोनवर तर अजिबात नको. तू स्वतः जा."

म्हणून मी आज या विटांच्या घराच्या ओटीवर येऊन बसलेय. प्रमिलाताई मागे केळीत पाणी लावायला गेलीय, शेजारच्या मावशी सांगून गेल्या, येईल एवढ्यात. येऊ दे सावकाश. या घरात लग्नाची पत्रिका काय बोलून द्यायची, याची मी रिक्षात बसल्यापासून रिहर्सल करतेय. शाळेत मला हेडबाईंपासून कुल्फीवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढता यायचे. आज स्वतःचाच सापडत नाहीये.

पाठीला वीट लागतेय. दिवसभर तापलेली, आता निवत चाललेली. हिचा एक वास आहे, अजून तसाच आहे. कोरं मडकं पहिल्यांदा भिजवल्यावर येतो ना, तसा, पण त्यात थोडी राख मिसळलेली. आम्ही या घरात भाड्यानं राहायचो, बाजूच्या दोन खोल्यांत. बाबांची नोकरी मुंबईला, मूळ गाव साताऱ्याकडे, आणि स्टेशनच्या पूर्वेला घेतलेला फ्लॅट तयार व्हायचा होता तोवर सोय म्हणून आम्ही इथे आलो. सोय सोय म्हणता माझं सगळं बालपण इथेच झालं.

घरमालक म्हणजे आबा. प्रमिलाताईचे वडील. भात, केळी आणि खाडीच्या अंगाला थोडी खारटाण जमीन. घराची गोष्ट सांगायला त्यांना कुणी विचारावं लागायचं नाही. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी भात कापून झाल्यावर त्याच शेतातली माती खणली, तिथेच विटा पाडल्या, तिथेच भट्टी लावली आणि भाताच्या तुसावर भाजल्या. खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना केला. जिथली माती उपसली तिथे पाणी भरून बावखल झालं, म्हणजे आमच्याकडचं तळं. त्याच पाण्यावर पुढे केळी लागल्या. "आमी घर नाय बांदलं," आबा म्हणायचे, "शेत उबं केलं."

आणि त्या विटा काय सरळ होत्या का? एकीला दुसरीची लाज वाटावी अशा. आगीजवळच्या जळून खंगर झालेल्या, काळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या. लांबच्या अर्धवट भाजलेल्या, पिवळट, नखानं खरवडलं तर पीठ निघायचं. एका विटेवर कुत्र्याचा पंजा होता. ओल्या विटा वाळत घातल्या होत्या, कुत्रं वरून चालत गेलं, बस. एकीवर आबांच्या आईच्या बांगडीचा अर्धा गोल होता. गिलावा मात्र कधी झाला नाही, ना बाहेरून, ना आतून. "पुढल्या वर्षी करू," असं आबांचे वडील म्हणाले होते. मग ते वारले आणि पुढलं वर्ष आबांकडे आलं. आबांनीही ते पुढे ढकललं.

पावसाळ्यात भिंती पाणी प्यायच्या आणि जांभळट व्हायच्या. गणपतीपर्यंत हळूहळू पुन्हा लाल. थंडीत मंगलोरी कौलांवर सुकेळी वाळत पडलेली असायची, पिकलेल्या केळ्यांचा तो चिकट गोड वास, आणि माश्या, आणि माश्यांवर ओरडणारी काकी. काकी म्हणजे आबांची बायको. दुपारी चर्चची घंटा झाली की काकी भात काढायची. आमचा सगळ्यांचाच देव वेगळा, पण घड्याळ चर्चचं. शनिवारी अर्नाळ्याच्या मावशी टोपली घेऊन यायच्या, सुके बोंबील आणि वाकट्या, आणि आत न येताच सगळ्या घराला कळायचं की त्या आल्यात. विटा वास धरून ठेवायच्या. रविवारी तुम्ही माजघरात गेलात तरी शनिवार तिथेच बसलेला असायचा.

आबा ओटीवर खुर्ची टाकून बसायचे आणि मला रेडिओ म्हणायचे. "रेडिओ, आज कोन लागलंय?" मग मी कधी तलाठी लावायची, कधी दूधवाला भैया, कधी आमच्या मराठीच्या बाई. आबा डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी मागून येऊन हरेशदादाच्या आवाजात म्हटलं, "आबा, आलो." हरेशदादा त्यांचा मुलगा, वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. आवाज इतका बेमालूम जमला होता की मीच दचकले. आबांनी मानही वळवली नाही. म्हणाले, "आवाज बरा हाये. चपला बदल."

माझ्याकडून एक नक्कल मात्र वर्षभर साधत नव्हती. आबांचं चालणं. घरात फिरताना ते एक हात मागे घ्यायचे, छाती पुढे, सावकाश, जसे काही शाळा तपासायला आलेले साहेब. मी हात मागे घेतला, छाती काढली, सावकाश चालले, तरी ते आबा होईनात. एक दिवस त्यांच्या मागोमाग चालताना नीट बघितलं. मागचा हात मोकळा नव्हताच. बोटांची मागची बाजू भिंतीला लागलेली होती. सगळा वेळ. मीही बोटं लावली, आणि सहज डोळे मिटले, कारण बोटांनी बघायचं तर डोळे मधे येत होते. तेव्हा ते आबा झाले. तेव्हाच मला कळलं.

मी धावत जाऊन आईला सांगितलं, आबांना दिसत नाही. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच माझं तोंड दाबलं. म्हणजे तिला माहीत होतं.

काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर काही परत येणार नाही, आणि हे कधी कधी घरात उतरतं, तेव्हा पोरांचेही डोळे बघून घ्या. बघितले. हरेशदादाचे, प्रमिलाताईचे, दोघांचेही ठणठणीत होते. पण काकीनं ठरवलं, प्रमिलाचं लग्न होईपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही. बापाचे डोळे गेलेत म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार? आबांचे गुडघे दुखायला लागले, असं गावाला कळवण्यात आलं. आबांनी बाहेर जाणं सोडलं. आणि बाहेर बोलायचं नाही म्हणता म्हणता घरातही कुणी त्यावर बोलेनासं झालं. आबांना वाटी हातात द्यायची, पण 'घ्या, इथे आहे' असं म्हणायचं नाही. दिवा गेला तर आबांसकट सगळ्यांनी म्हणायचं, "अरे, दिवा गेला." हे इतकं सवयीचं झालं की मला वाटतं, काही दिवस सगळे खरोखर विसरलेच असतील.

मग नायगावचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, उंच, कान जरा मोठे. तो आणि त्याचे काका बघायला आले. पोहे झाले, आणि आबा उठून म्हणाले, "चला, घर दाखवतो." काकीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. पण आबा निघाले, मागे हात, छाती पुढे. खंगर वीट लागली तिथे वळले, बांगडीचा गोल आला तिथे थांबले, "ही आमच्या आयची सही," म्हणाले. कुत्र्याच्या पंजापाशी मुलानं स्वतःचं बोट घालून बघितलं आणि हसला. "बरं!" म्हणाला. एवढंच. ओटीवर परत आले तेव्हा काका हरेशदादाला म्हणत होते, तुमचे वडील काय सुंदर माहिती देतात हो.

त्या संध्याकाळी प्रमिलाताईनं मला बावखलाच्या पायरीवर नेलं. तिच्या पदरात शेंगा होत्या. "तो कसा म्हणाला, कर ना."

मी केलं. "बरं!"

"तसं नाही. हसून म्हणाला."

मी हसून केलं. तिनं पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा. शेंगा संपल्या, पाण्यावर डास आले, तरी ती मला उठू देईना. प्रमिलाताई दहावीनंतर घरीच होती, फारसं काही मागायची नाही कुणाकडे. त्या दिवशी तिनं माझ्याकडून तो एक शब्द किती वेळा मागितला असेल, देव जाणे.

होकार आला. साखरपुडा घरीच ठरला. पण जाताना काका फाटकात काकीला म्हणाले होते, "घर छान आहे, आतून गिलावा तेवढा राहिलाय वाटतं." सहज म्हणाले. काकीला मात्र झोप लागली नाही. नायगावकडची सगळी मंडळी येणार, त्यांना वाटेल, घर अर्धवट ठेवलंय, यांची ऐपत नाही. बाहेरचं पावसाळ्यानंतर बघू, आतलं आत्ताच करायचं, असं ठरलं. गवंडी आले. रेती, सिमेंट, वर नीरूचा, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. आबांची खाट तेवढे दिवस ओटीवर. घरातून राख आणि मडक्याचा वास गेला आणि टर्पेंटाइनचा आला. हरेशदादा अभिमानानं भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "आरसा केलाय आरसा!"

काम झालं आणि आबांना आत आणलं. त्यांनी भिंतीला बोटं लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाले, "गुळगुळीत झाली." सगळ्यांना वाटलं, खूश झाले.

त्यानंतर आबा खाटेवरून उठेनात. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. मोरीकडे जायचं तर काकी सोबत. काकी म्हणाली, लग्नघर आहे, दमलेत. मलाही तेच वाटलं. नक्कल करायला माणूस उठायला तर हवा. भिंतीचं आणि आबांचं काही नातं आहे, हे मला खरं तर माहीत होतं, माझ्या बोटांना माहीत होतं, पण ज्याबद्दल बोलायचंच नसतं त्याचा विचार तरी कोण करतं? सगळं घर नव्या रंगाला हात लागू नये म्हणून अंग चोरून चालत होतं.

साखरपुड्याच्या दिवशी माजघरात सतरंजी, भाड्याच्या खुर्च्या, अबोलीचे गजरे. प्रमिलाताई मोरपंखी साडीत, मान खाली. या वेळी मुलाचे वडील आले होते, मोठ्या आवाजाचे, मोकळे गृहस्थ. ओटीवर टेकले न टेकले तोच म्हणाले, "आबा, आमच्या भावानं तुमचं फार कौतुक केलंय. आधी घर दाखवा, मग बाकीचं."

काकी म्हणाली, आधी चहा घ्या. ते म्हणाले, चहा पळून जातोय का.

आबा उठले. मागे हात घेतला. बोटं पिस्ता रंगावरून घसरत निघाली. खंगर विटेपाशी वळायचं होतं, ते थोडं पुढे जाऊन वळले. "इथं," ते म्हणाले, "कुत्र्याचा पाय हाये बघा. वीट ओली होती तवा..." आणि भिंतीवर तळवा फिरवत राहिले, वर, खाली, बाजूला. मुलाचे वडील वाकून बघत होते. समोर कोरी भिंत. आबांनी आईच्या बांगडीची गोष्टही सांगितली, तीही अशाच कोऱ्या भिंतीपुढे. मग स्वयंपाकघराकडे म्हणून निघाले ते देवघराच्या बाजूला गेले आणि सरबताच्या ग्लासांच्या ट्रेवर पाय पडला. स्टीलचे ग्लास सगळ्या माजघरभर घरंगळले. शेवटचा थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

प्रमिलाताई खुर्चीवरून उठली. तिनं जाऊन आबांचा हात धरला. आमच्या देखत कुणी आबांचा हात असा पहिल्यांदाच धरला होता.

"आबांना दिसत नाही," ती म्हणाली. "काचबिंदू आहे. आम्ही सांगायला हवं होतं."

मुलाच्या वडिलांचा आवाज एकदम लहान झाला. अहो, बसवा त्यांना, लागलं का, असं सगळं त्यांनी नीट विचारलं. वाईट माणूस नव्हता. चहा घेतला. मग बाहेर जाऊन भावाशी, मुलाशी बोलून आले आणि म्हणाले, आज राहू दे, दोन दिवसांत कळवतो. मुलगा सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर गेला. साखरेचा पुडा ताटातच राहिला. संध्याकाळी त्याला मुंग्यांची रांग लागली आणि ती कुणी झाडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ठक ठक ऐकू आली. आमची आणि त्यांची भिंत एकच. जाऊन बघते तर प्रमिलाताई हरेशदादाची छिन्नी-हातोडी घेऊन दाराशी उभी, आणि पिस्ता रंगाचे टवके उडतायत. आधी पेंट, मग नीरू, मग सिमेंट. आबांना शेजारी उभं करून तिनं त्यांच्या हाताची उंची भिंतीवर खडूनं आखून घेतली होती. तेवढीच, वीतभर रुंद पट्टी ती उघडी करत चालली होती.

काकी रडत होती. निदान उत्तर येईपर्यंत तरी थांब म्हणत होती. ते परत आले आणि हे असं बघितलं तर?

"उत्तर काहीही येऊ दे," प्रमिलाताई म्हणाली. "आबा इथेच राहणार आहेत."

पुढचे दिवस घरभर ठक ठक. सिमेंट विटेला घट्ट धरून बसलेलं, जोरात मारलं तर वीटच फुटणार, म्हणून हळू हळू. तिच्या केसांत, भुवयांत, भाताच्या घासात ती करडी पूड. हरेशदादा कामावरून आला की थोडं करून द्यायचा, पण तिला ते आवडायचं नाही. आबा खाटेवर बसून आवाज ऐकायचे. "आता देवघराच्या दाराशी आली," मला सांगायचे. बरोबर असायचं.

"काय गं रेडिओ, बंद का आज?"

केळीतून परतलेली प्रमिलाताई ओटीपुढे उभी. पाय चिखलानं भरलेले, केस पांढरे व्हायला लागलेत, हातात केळफूल. आबा गेले, मागून काकी गेली, हरेशदादानं नायगावला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. ही आठवडाभर वालीवला पॅकिंगच्या कामाला जाते आणि रविवारी केळी बघते. लग्न केलं नाही. पुढे स्थळं आली, एक-दोन तर चांगली होती असं आई म्हणते. तिनंच नाही म्हटलं. का, ते मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही.

रिहर्सल सगळी वाया गेली. मी नुसती पत्रिका पुढे केली. तिनं पदराला हात पुसून ती घेतली, उभ्या उभ्याच शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि माझ्याकडे बघितलं.

"त्यांना सगळं सांगितलंस ना?"

"सगळं म्हणजे?"

"तू सासूची नक्कल करणार ते."

मी हसले. ती हसली नाही, बघत राहिली. मग मी म्हटलं, हो, सांगितलं. बाबांच्या दोन अटॅकचं, माझ्या फिट्सचं, लहानपणी यायच्या त्या. सगळं पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलगा म्हणाला, बरं. तिनं मान हलवली. पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाली, आत ये, चहा टाकते.

ती पुढे, मी मागे. पिस्ता रंग आता पिवळा पडलाय, पण पट्टी तशीच आहे. ओटीच्या दारापासून सुरू होते, पहिली खोली, खंगर वीट, वळण. मी न ठरवता बोटं लावलेली असतात. माजघरात शिरलं की निम्म्या भिंतीवर पट्टी खाली उतरायला लागते. कमरेवरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्यावर. तिथे बरंच अंतर ती जमिनीलगत जाते, वेडीवाकडी, कुठे अरुंद, कुठे विटेचे टवके उडालेले. स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे पुन्हा चढते आणि आपल्या उंचीला येते. येणारे-जाणारे विचारतात, ही काय डिझाईन आहे? ताई म्हणते, हो.

डिझाईन नाहीये. ती माजघरात काम करत होती त्या दुपारी मुलाचे काका स्कूटरवरून आले. फाटकाच्या आत आलेच नाहीत. पुन्हा जन्मपत्रिका दाखवली, जुळत नाही म्हणतायत, असं काकीला सांगितलं आणि गेले. काकीनं आत येऊन प्रमिलाताईला सांगितलं. मग दोघींनी मिळून, पुन्हा एकदा, ठरवलं की आबांना एवढ्यात सांगायचं नाही. आबांना सांगितलं, ते मुहूर्त बघतायत. मी आमच्या बाजूला होते. भिंतीपलीकडची ठक ठक थांबली. बऱ्याच वेळानं परत सुरू झाली तेव्हा ती खालून येत होती. ताई उभी नव्हती. बसली होती आणि बसून खोदत होती, हात पोचेल तिथे. ती दुपार, ती संध्याकाळ, ती उठलीच नाही. उठली ती दुसऱ्या दिवशी.

पट्टी पुरी झाली तेव्हा आबांना खाटेवरून उठवलं. काकी होती, मी होते, ताई कपाळावरची पूड पुसत दाराशी उभी होती. आबांनी हात मागे घेतला नाही. सरळ भिंतीवर ठेवला, लपवायचं काही उरलंच नव्हतं. निघाले. वळणावर बरोबर वळले. कुत्र्याच्या पंजात बोट घालून हसले. माजघरात त्यांचा हात खाली गेला तसे ते वाकले, मग आणखी वाकले, मग गुडघ्यांवर बसले आणि तसेच, भिंतीला हात लावून, सरकत सरकत पुढे गेले. काकी त्यांना उठवायला धावली. त्यांनी तिला थांबवलं. प्रत्येक टवका त्यांनी हातानं बघितला. स्वयंपाकघराच्या अलीकडे पट्टी चढायला लागली तसे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. दम लागला होता.

"पमे," ते म्हणाले, "तू हितं होतीस तवा त्यांचा नकार आला."

आबांनी हात पुढे केला, तेव्हा ताई जवळ आली, आणि म्हणाली, "हो, आबा."

आबांनी मागे वळून भिंतीवर पुन्हा एकदा हात ठेवला, जिथे पट्टी वर येते तिथे.

"पुडं परत वर आलीस ना," ते म्हणाले. "मंग झालं."

बोटांवरची सिमेंटची पूड त्यांनी धोतराला पुसली, आणि कुणाचा आधार न घेता स्वयंपाकघरात जाऊन चहा मागितला.